कल्पिताचा शंभर टक्के अभ्यास

डहाणूच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारी राहणारी कल्पिता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पोरगी गोड, पण आपलंच खरं करणारी. अर्थशास्त्रासाठी तिनं मोबाईलमध्ये शिकवणीचं अ‍ॅप घेतलं, तेव्हा मी म्हटलंही, "त्यापेक्षा वर्गात बस की!" पण सकाळी आईबरोबर, म्हणजे मालूबरोबर, बोंबील वाळत घालायचे असायचे. वर्ग बुडायचाच.

बोंबील जोडीनं वाळतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टाकायची. दोन्ही हात बुळबुळीत, मोबाईलला हात लावायची सोय नाही. म्हणून कल्पिता तो पिशवीत घालून बांबूला टांगायची. पिशवीत सर बोलायचे, बाहेर आम्ही बायका. धडे आपोआप पुढे सरकायचे. सेमिस्टर संपताना अ‍ॅपनं अभिनंदन केलं: अभ्यास शंभर टक्के पूर्ण! मालूनं लगेच गल्लीभर पेढे वाटले. मीही खाल्ले, खोटं कशाला बोलू?

मग विद्यापीठाचा निकाल लागला. कल्पिताला अर्थशास्त्रात एटीकेटी. तो पेपर सुटल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती, आणि त्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. बरेच दिवस तोंड लपवून शेवटी तिनं आईला सांगितलं.

मालू भडकलीच. "मग त्या मोबाईलवाल्या सरांनी तुला पास कसं केलं?"

"पास नाही केलं गो आई. धडे वाजून संपले, एवढंच."

मालूनं मोबाईल बाजूला सारला. मग म्हणाली, "आता तू बोल. मी ऐकते."

तेव्हापासून कल्पिता दुपारी हात धुऊन, मोबाईल समोर धरून एकच धडा ऐकायची आणि सकाळी बोंबील जोडता जोडता तो आईला समजवायची. मालू काही सुखानं सांगू देईना. "भाव वाढला की मागणी घटते म्हणतेस, मग गणपती गेल्यावर भाव चढला तरी गिऱ्हाइकं तुटून का पडतात?" कल्पिता अडली, चिडली, पुन्हा तोच धडा लावून बसली. दुसऱ्या सकाळी उत्तर घेऊन आली: लोकांचं मासे न खाणं संपलं, म्हणून आधी मागणी वाढली, भाव तिच्यामागून चढला. मलाही ते कळलं, आणि पोरीचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

एटीकेटीचा निकाल आला तेव्हा आम्ही कामातच होतो. कल्पितानं मोबाईल उघडला. मालूचे हात थांबले.

"आपण पास झालो का गो?" तिनं हळूच विचारलं.

"झालो, आई," म्हणताना कल्पिताला रडूच फुटलं.