जावेची सुई, माझे टाके

घरच्या कुत्र्याच्या जंतांमुळे आम्हा दोघी जावांच्या लिव्हरमध्ये पाण्याच्या गाठी झाल्या. आधी माझी निघाली. डॉक्टरांनी पोट उभं चिरलं, बैलगाडीत निजवून मला घरी आणलं. काही वर्षांनी धाकटीची गाठ मात्र लांब सुईनेच उपसली. जैनथ गावाकडे जाणाऱ्या बसमधून उतरून ती चालत घरी आली! माझा नुसता जळफळाट झाला.

गावातल्या बायका तिला पाहायला आल्या. आमच्याकडे टाके पाहिल्याशिवाय कोणी चहाला हात लावत नाही. तिने पदर सारला, तर इवलीशी पट्टी. बायका माझ्याकडे वळल्या, "तुये दाखव ना वं." मी दाखवले. सगळ्या हळहळल्या.

त्या गेल्यावर धाकटी फणकारली, "दुखनं माह्यं, अन् कौतिक तुमचं!"

त्या दिवसापासून मला माझे टाके आवडायला लागले.