संत्र्याची शेवटची फांदी

नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीतून दोन वळणे आत गेले की आमचे वाचनालय लागते. इमारत काळ्या दगडाची. खाली गोऱ्या साहेबाच्या टोकदार कमानी, वर भोसलेकालीन धाटणीचा सागवानी सज्जा. या दोघांचे आपसात कधीच पटले नाही, हे दर पावसाळ्यात त्यांच्या सांध्यातून गळणारे पाणी सांगते. वाचनदालनाच्या सगळ्या खिडक्यांना पूर्वी रंगीत काचांची चित्रे होती. उन्हाळ्यात कूलर बसवायचा म्हणून एकेक खिडकी खर्ची पडली आणि शेवटी एकच उरली: संत्र्याची फळांनी लगडलेली फांदी आणि त्यातले एक फळ टोचणारा पोपट. या खिडकीखाली वसंतराव देवपुजारी बसत.

वसंतराव सरकारी खात्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी, कोणी न नेमता, या इमारतीचे रखवालदार झाले. जिन्याच्या लोखंडी वेलबुट्टीवर कोणी हात टेकला की ते हात काढायला लावत. नव्या सभासदाला दगड कुठल्या खाणीतला हे आधी कळे, पुस्तके कुठे आहेत ते नंतर. माणसांविषयी त्यांचे मत एकंदरीत वाईट होते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांविषयी विशेष वाईट. ही मुले सकाळी खुर्चीवर पाण्याची बाटली ठेवून चहाला जात आणि दुपारपर्यंत ती बाटलीच अभ्यास करी. वसंतराव अशा बाटल्या उचलून बाहेर चपलांच्या फळीवर ओळीने मांडत. मुले त्या परत आणत. असा दोन्ही पक्षांचा दिवस कारणी लागे.

मुलांचा म्होरक्या कुही गावचा अश्विन. बाकीच्या कूलरांचा वारा त्या बाजूला पोचत नाही, म्हणून शेवटच्या खिडकीतही कूलर बसवावा अशी मागणी त्याने केली.

"काका, त्या पोपटाले संत्रं भेटून राहिलं, आम्हाले हवा तरी भेटू द्या."

"तुम्हाला हवा नको आहे. झोप हवी आहे."

"झोप तर तुमचं भाषण ऐकूनच येते. त्याले कूलर कायले लागते?"

वाचनालयाचे अध्यक्ष मनोहरराव वकील. ते म्हणाले, येऊन बघतो आणि ठरवतो. म्हणजे काच राहणार की जाणार, हे त्यांच्या एका भेटीवर आले.

वसंतरावांकडे उत्तर तयार होते. छताखाली झरोके आहेत, दोऱ्या ओढून उघडायचे. रात्रभर उघडे ठेवले की दालनातली धग निघून जाते. उन्हे चढण्याआधी बंद केले की दगड दिवसभर गार राहतो. ज्याने बांधले त्याला नागपूरचा उन्हाळा कळत होता, कूलरची गरजच नाही. हे शास्त्र खरे होते. अडचण इतकीच, की ते झरोके कोणी उघडलेले कुणाच्याच आठवणीत नव्हते. कुलपे-किल्ल्या सांभाळणाऱ्या सिंधूताईंना त्यांनी अनेकदा सांगून पाहिले होते. "रात्री उघडे ठेवले का मांजरी येतात," त्या म्हणत, "त्याहीले सभासद करून घेता का?"

मनोहरराव आले ते मे महिन्यात, भर दुपारी, जेवण करून. वसंतरावांनी त्यांना झरोक्यांचे शास्त्र सांगायला घेतले. मुले पुस्तके मिटून भोवती जमली.

"सांगून काय होते काका," अश्विन म्हणाला, "उघडून दाखवा ना. का तुमचे झरोके बी चित्रातलेच हायेत?"

पहाटे या, मग दाखवतो, एवढे म्हटले असते तरी पुरले असते. पण खुर्चीवर बाटली ठेवणाऱ्या पोराला खुलासा द्यायचा, हे वसंतरावांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी दोरी ओढली.

आधी कबुतरांच्या कित्येक पिढ्यांची मिळकत खाली आली: काड्या, पिसे, विष्ठा आणि धूळ. तिचा मोठा वाटा मनोहररावांच्या पांढऱ्या सदऱ्याला गेला. मग बाहेरची तापलेली लू आत आली. वर्तमानपत्रे उडाली, दालनाची भट्टी झाली. वसंतराव झरोका बंद करायला गेले तर दोरी तुटून त्यांच्या हातात आली.

सिंधूताई झाडू घेऊन आल्या. "काका, गार वाटून राहिलं का?"

मनोहररावांनी चष्मा पुसला. "कूलर लावून टाका," ते म्हणाले आणि गेले.

त्याच आठवड्यात मिस्त्रीने काच काढली. जुन्या सतरंजीत गुंडाळून माळ्यावर नेताना ती पोपटाच्या मानेपाशी तडकली. वसंतराव जवळ उभे होते.

कूलर बसला. वसंतरावांची खुर्ची जिथल्या तिथे, म्हणजे आता ऐन कूलरसमोर. तिच्यावर बाटली ठेवायला कोणी धजले नाही. वसंतराव पाठ ताठ ठेवून, कूलरकडे न बघता वाचत बसले. तिसऱ्या दिवशी वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या वाऱ्याने आपले काम केले. त्यांची मान खाली गेली, तोंड उघडे पडले. अश्विन उठला, जवळ गेला आणि त्याने बाटलीच्या बुडाने टेबल ठोठावले.

"काका, उठा. घोरून राहिले तुम्ही. लोक अभ्यास करून राहिले इथं."

दालनात कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

वसंतरावांनी खुर्ची उचलली आणि समोरच्या कोपऱ्यात, त्या बंद न होणाऱ्या झरोक्याखाली नेऊन ठेवली. उन्हाळ्यात लू तिथे सरळ डोक्यावर उतरते. आता ते तिथेच बसतात. नव्या कूलरसमोरच्या जागेसाठी मुले आपसात भांडतात आणि बाटली ज्याची असेल त्याची ती जागा होते.

"तिकडे बसा ना काका," सिंधूताई परवा म्हणाल्या, "मरसान इथं."

"इथे हवा खेळती आहे," वसंतराव म्हणाले आणि त्यांनी अग्रलेखावर पडलेला घामाचा थेंब बाहीने पुसला.