सूर्यतळे साहेबांचं काळं पेन

कोर्टात तारखा पडतात, आणि दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या वेळात किस्से पडतात. आम्ही रिटायर झालेले कोर्टातले लोक चहाला जमलो की कुणीतरी म्हणतंच, "सूर्यतळे साहेबांचा तो आठवतोय का?" गंमत अशी की सगळे किस्से भीतीचे. आता हसतो. तेव्हा तोंडाला कोरड पडायची.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता, आणि त्यात दुष्काळ. इमारत व्हायची होती म्हणून आमचं सेशन्स कोर्ट भुसाराच्या रिकाम्या गोदामात भरायचं. पत्रे तापले की तुरीचा वास सुटायचा. मी तिथं स्टेनो. नवे जज्ज येणार कळल्यावर नांदेडच्या ओळखीच्या क्लार्कला विचारलं, "कसे आहेत?"

"इथं लई वर्षं सरकारी वकील होते. आवाज कधी चढवत न्हाईत."

"मग बरं की."

"बरं? अरे, त्याचंच भ्या वाटतंय सगळ्यांना."

*

पहिल्याच आठवड्यात आरोपीचा वकील आपल्याच साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालत होता. आमचे सरकारी वकील फाईल चाळत बसलेले. तेवढ्यात आवाज आला, "हरकत आहे!"

बघतो तर साहेबच उभे. वकिलीची जुनी सवय. जज्ज उभे राहिले म्हणून सगळं कोर्ट उभं राहिलं, आरोपीच्या पिंजऱ्याजवळ बसलेला पोलीससुद्धा. साहेबांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, सावकाश खाली बसले आणि म्हणाले, "हरकत मंजूर. पुढं चला."

कुणी हसलं नाही. आमचे पट्टेवाले रहीमचाचा तेवढे बाहेर जाऊन हसून आले. हे रेकॉर्डवर घ्यायचं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

*

बेंचवर साहेबांसाठी झाकलेला एक पेला पाणी असायचं. टँकर कधी यायचा, कधी नाही, त्यामुळे तो पेला म्हणजे कोर्टातली सगळ्यात मौल्यवान वस्तू. एकदा निलंग्याकडचा एक म्हातारा साक्षीला आला. उलटतपासणी चालली होती आणि त्याची नजर पेल्यावरून हलेना.

साहेबांनी पेला उचलून चाचांकडं दिला, "त्यांना द्या."

वकील उठले, "साहेब, साक्षीदाराला कोर्टाकडून असं काही..."

"विहिरीवर ओंजळ धरून उभं राहण्यात माझं लहानपण गेलंय, वकीलसाहेब," साहेब शांतपणे म्हणाले. "तहानलेला माणूस मला लांबून कळतो. विचारा पुढं."

साहेब संध्याकाळपर्यंत तसेच बसले. आता साहेब तहानलेले असताना पाणी प्यायची हिंमत कुणाची? चाचांच्या माठात पाणी होतं, पण त्या दिवशी अख्खं कोर्ट निर्जळी एकादशी पाळून घरी गेलं.

*

साहेबांची एक पद्धत होती. खुनाच्या खटल्यात निकाल मी टाइप करायचो, पण शिक्षेची ओळ कोरी सोडायची. ती ओळ साहेब बेंचवर बसून, सगळ्यांसमोर, स्वतःच्या काळ्या शाईपेनानं लिहायचे. वकिलीपासूनचं पेन ते.

मी एकदा धीर करून कारण विचारलं. साहेब म्हणाले, "जाधव, नांदेडला मी एकाला फाशी मागितली होती. मिळाली. जज्जसाहेबांनी सही केली आणि रिवाजाप्रमाणे निब मोडली. तुकडा उडून माझ्या फायलीवर पडला. मागायला सोपं असतं हो. आता लिहिणारा मी आहे. ज्याला लिहायचंय त्यानं त्या माणसाकडं बघून लिहावं."

साहेबांनाही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझी भीती उलट वाढली.

*

आणि मग किल्लारीकडचा तो खटला आला. विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून भांडण, गणपत नावाच्या पोरानं कुऱ्हाडीनं दोन सख्खे भाऊ मारले. त्याची आई, सोजरबाई, दर तारखेला येऊन दाराशी बसायची. गणपत दोषी ठरला. सरकारी वकिलांनी फाशी मागितली. शिक्षा दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सांगायचं ठरलं.

सकाळी सोजरबाईनं चाचांना विचारलं, "आवो, फाशी दिली तर आमाला कसं कळंल? मला काय त्यांची भाषा कळत न्हाई."

चाचा साधा माणूस. म्हणाले, "साहेबके हाथ को देखो, माय. ते काळं पेन हाय ना, फाशी लिहिली की त्याची निब मोडत्यात."

दुपारच्या सुट्टीनंतर बघतो तर बेंचवरचं पेन गायब! चाचा म्हणाले, "मेरी नोकरी गई, जाधवसाब." आम्ही टेबलाखाली, फायलींत, सगळीकडं शोधलं. शेवटी मीच चेंबरमध्ये जाऊन सांगितलं. साहेबांनी नुसती मान हलवली. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

साहेब बेंचवर आले. कोर्ट खच्चून भरलेलं. गणपत पिंजऱ्यात मान खाली घालून उभा. साहेबांची नजर फिरत फिरत दाराशी थांबली, म्हणून मीही पाहिलं. सोजरबाईनं पदराची मूठ छातीशी घट्ट धरली होती, आणि त्या पांढुरक्या पदरावर काळा डाग हळूहळू पसरत होता. चाचांनीही पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांनी माझ्याकडं हात केला. "जाधव, तुमचं पेन द्या."

बाई ताडकन उठली. दुसरं पेनही असतं, हा विचार तिनं केलाच नव्हता. माझं पेन वर जाताना ती बघत राहिली, आणि चौकटीला टेकली. मला ते पेन द्यावंसं वाटत नव्हतं, खरं सांगतो. पण दिलं.

साहेबांनी गणपतकडं पाहिलं. किती वेळ, कुणास ठाऊक. मग लिहिलं, सही केली आणि वाचून दाखवलं, "जन्मठेप."

पेन माझ्या हातात परत आलं. मी आधी निब पाहिली. शाबूत होती.

साहेब उठले, सगळं कोर्ट उठलं. जाता जाता ते चाचांपाशी थांबले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "त्या मायला म्हणावं, टोपण लावून ने. शाई सांडायलीय."