शेजारच्या काकीच्या दारातून क्वेझार

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही. महाडच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय.

मी पोलादपुरात विज्ञान शिकवते. आज सकाळच्या शाळेत नववीला क्वेझार सांगितले. फार दूरच्या दीर्घिकांचे प्रचंड तेजस्वी गाभे. त्यांच्या उजेडाच्या वाटेत एखादा तारा आला, तर त्याच्या गुरुत्वाकर्षणाने उजेड वळून एकवटतो आणि क्वेझार काही महिने जास्त तेजस्वी दिसतो.

कुडपणची सुनंदा उठली. "बाई, उजेड तिथंच वाढला का वाटेत, ते कसं कळतं? आमच्याकडं समोरच्या वाडीतला उजेड वाढला, तर आई शेजारच्या काकीला इचारते, तुझ्या दारातनं पण वाढलेला दिसतोय काय गो? दिसला तर आग हाय, धावायचं. तिला नाय दिसला, तर मधल्या वाटेनं कोणतरी बत्ती घेऊन चाललाय."

मला उत्तर येत नव्हतं. म्हणून म्हणाले, "तारे म्हणजे वाडीतले दिवे नव्हेत. बस खाली." वर्ग हसला. ती बसली.

आता इथे वाचलं. मधल्या दीर्घिकेमुळे उजेड वेगवेगळ्या वाटांनी वळून येतो आणि कधीकधी एकाच क्वेझारच्या चार प्रतिमा दिसतात. चारही आगेमागे उजळल्या, तर बदल क्वेझारमध्येच. एकटीच उजळली, तर तिच्या वाटेत तारा. म्हणजे शास्त्रज्ञही काकीलाच विचारतात!

सुनंदा दुपारच्या एसटीने घरी गेली. सोमवारी भर वर्गात तिची माफी मागेन हो. पण तुमच्यापैकी कोणाला असं खाली बसवलं होतं का? त्यानंतर परत कधी उठलात?