भुजंगरावांचा खटका

जुन्या मोटारीचा कुठलाही खटका हातात आला की भुजंगराव आधी तो अंगठ्यानं खसाखसा घासायचे, गरम झाला की नाकाशी न्यायचे, आणि मग ताटात कुणी मेलेला उंदीर वाढावा तसं त्यांचं तोंड व्हायचं. "थूत्! कंगवा आहे हा." अस्सल बॅकेलाइटचा खटका घासला की दवाखान्याच्या फरशीचा वास येतो आणि कंगव्याच्या प्लॅस्टिकचा नकली घासला की कापराचा, हे त्यांनी मला इतक्यांदा हुंगवलंय की अजून दवाखान्यात शिरलो की मोटारीत बसल्यासारखं वाटतं. हैदराबादच्या जुमेरात बाजारातले भंगारवाले त्यांना लांबून बघून माल गोणपाटाखाली सारायचे. त्यांच्या एका 'थूत्'नं तिथल्या एका दुकानाच्या भिंतीचा गिलावा खाली आला होता. मी डोळ्यांनी पाहिलाय. तो आधीपासूनच पडलेला होता म्हणणारे लोक मत्सरी आहेत.

जामबागेत आम्ही शेजारी आणि कचेरीत टेबलाला टेबल. माणसाला अख्ख्या जगाची किळस. कचेरीतला चहा ते वरून ओतून घ्यायचे, दाराची कडी रुमालानं धरायचे, आणि साहेबाशी हात मिळवल्यावर त्याच्यासमोरच धुवायचे. पण सगळ्यांत जास्त शिसारी त्यांना एका शब्दाची होती. कुणी 'चालतं' म्हटलं की संपलं. "चालतं, चालतं म्हणत म्हणत माणूस चालता होतो," असं ते म्हणायचे आणि समोरचा खरोखरच चालता व्हायचा.

असा माणूस अंबरपेठेतल्या एका नवाबाच्या हवेलीतून मोटार घेऊन आला, तेव्हा गल्लीनं तोंडात बोटं घातली. जहागिऱ्या गेल्यावर हवेलीत उरलेली ती विलायती गाडी शेळ्यांच्या ताब्यात होती. गादीत उंदरांचे संसार, पायाशी लेंड्यांचा थर, आणि दारांच्या आतून पानाच्या पिचकाऱ्या अशा वाळलेल्या की मला तो कारखान्यातलाच रंग वाटला. भुजंगरावांनी नाकाला उपरणं बांधून, ओकाऱ्या काढत काढत ती स्वतः धुतली. कारण आमच्या हैदराबाद राज्याचं त्रिभाजन जाहीर झालं होतं, आमच्या कचेरीच्या तीन वाटण्या होणार होत्या आणि त्यांचं नाव मुंबई राज्याच्या वाटणीत होतं. त्यांनी पणच केला, की आपल्या राज्यात पाहुण्यासारखं आगगाडीनं जायचं नाही. अस्सल मराठी माणूस, अस्सल गाडीत बसून जाईल. एक स्क्रूसुद्धा बनावट असला तर गाडी इथंच सोडीन आणि स्वतःला नापास समजेन.

इंजिन झालं, गादी झाली, काच झाली. अडला तो समोरच्या लाकडी फळीवरचा मोठ्या दिव्यांचा खटका. मूळचा बसवलेला होता, पण त्याच्या कड्यावर तीन उर्दू अक्षरं कोरलेली. भुजंगरावांचं सगळं शिक्षण उर्दूतून, तेही छड्या खात. ती अक्षरं बघूनच त्यांच्या अंगावर काटा आला. विलायतेत उर्दू कोण लिहिणार? कुठल्या तरी बाजारी ठोकाठोकीवाल्यानं ही घाण केलीय, असं ठरवून त्यांनी खटका उपटला, वास घ्यायच्याही लायकीचा नाही म्हणून चिमट्यात धरला आणि मुसी नदीत भिरकावला. "नक्को ती उर्दू माझ्या गाडीत," म्हणाले.

मग सुरू झाली शोधाशोध. फळीवर जिथं जुनं कडं होतं, तिथं लाकडावर ऊन न लागलेलं गडद वर्तुळ उरलं होतं. नवा खटका त्या वर्तुळात नेमका बसला पाहिजे. हैदराबादेतले यच्चयावत खटके आले. एक लहान, एक मोठा, एकाचा आटा उलटा. मिस्त्रीनं वैतागून एक ठोकून बसवला आणि दिवे लागले. आम्ही टाळ्या वाजवल्या. भुजंगरावांनी तो तिथल्या तिथं काढला. "दिवे लागले म्हणून खटका बरोबर? दिवे काडीनंही लागतात." वहिनी ओट्यावरून म्हणाल्या की मला बघायला आला होतात तेव्हा एवढं निरखलं असतंत, तर मी सुटले असते.

निघायचे दिवस तोंडावर आले, आणि हवेलीचा म्हातारा ड्रायव्हर खाजामियाँ गाडीला सलाम करायला आला. त्यानं फळीवरच्या भोकाकडं पाहिलं आणि विचारलं, बत्तीचं बटन कुठाय? भुजंगरावांनी मोठ्या ऐटीत सांगितलं की नकली होतं, फेकलं.

खाजामियाँनं त्या भोकात बोट घालून पाहिलं. "वो अस्सल था साब. नवाबसाब विलायत कू लिखको उर्दू हरफां डलवाए थे. पूरे मुल्क में एकीच."

भुजंगरावांनी धोतर खोचलं आणि थेट मुसी गाठली. दाराची कडी रुमालानं धरणारा हा माणूस म्हशींच्या मधोमध कमरेइतक्या काळ्या रबरबाटात उतरला आणि नाकाला उपरणं न लावता हातानं तळ चाचपू लागला. काठावरचा धोबीसुद्धा पाठ करून उभा राहिला. मी एकदा ओकलो. माझं बघून एक म्हैसही ओकली. भुजंगरावांना त्या चिखलात कुलपं सापडली, कवळी सापडली, एक तलवार सापडली असं मी लोकांना सांगतो. खटका सापडला नाही, एवढं मात्र खरं आहे.

घरी आल्यावर मी भीतभीत म्हणालो, आता कुठलाही एक लावा. त्यांनी नकाराची मान हलवली. भोक तसंच राहिलं. गाडीत सामान चढलं, वहिनी चढल्या, आणि स्टेशनावरून आमची बाकीची मराठी मंडळी आगगाडीनं गेली तेव्हा भुजंगराव मोटारीनं निघाले. दिवे नाहीत, म्हणून सूर्य कलला की मिळेल त्या गावात मुक्काम. त्या वाटेवर ते एकदाही 'थूत्' म्हणाले नाहीत, असं वहिनींनी पुढं कळवलं. त्यांना काळजीच वाटली होती.

मी हैदराबादेतच राहिलो, त्यामुळं त्यांच्या औरंगाबादेच्या नव्या कचेरीतला प्रसंग आमच्या खात्यातल्या दुसऱ्या एकानं सांगितला, म्हणजे यात माझी भर नाही. नवा साहेब पुण्याकडचा. भुजंगरावांचं पहिलंच टिपण त्यानं दोन बोटांत धरलं, नाक मुरडलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "यात निम्मी उर्दूच आहे. हे कुठलं घाणेरडं मिश्रण? तुम्हांला अस्सल मराठी येते का?"

कचेरी श्वास रोखून 'थूत्'ची वाट बघत होती. भुजंगराव त्या मुरडलेल्या नाकाकडं बराच वेळ बघत राहिले. ओळखीचं कुणी भेटावं तसे. मग टिपण हातात परत घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले,

"हौ साब."