शिवणीवरची चीर

तिची एंट्री नेहमी वाजतगाजत व्हायची. फाटकावरच्या पहारेकऱ्याला एक टोमणा, हजेरी घेणाऱ्याला शाबासकी, आणि वाटेत भेटेल त्याची कॉलर सरळ करणं, एवढं झाल्याशिवाय तिची पाळी सुरूच व्हायची नाही. उमेदीची सगळी वर्षं तिने या कारखान्यात तंबू, पाठपिशव्या आणि डोंगरात घालायची जाकिटं शिवली. तेव्हा सगळे तिला टाकेमावशी म्हणायचे. मग शिवणकाम स्वस्त मजुरीच्या मुलखात गेलं, मशिनं उचलली गेली आणि मावशीची बदली मागच्या खोलीत झाली. हातात कटर आला. आता ती कात्रीमावशी.

मागच्या खोलीत गिऱ्हाइकांनी परत केलेला माल यायचा. कुणाची चेन अडकते, कुणाचा पट्टा उसवलाय, कुणाला घरी गेल्यावर रंगच आवडला नाही. हा माल दुरुस्त करायचा नाही, कुणाला द्यायचाही नाही. फाडायचा आणि भंगारात घालायचा. जुनं स्वस्तात मिळालं तर नवं कोण घेईल? म्हणून नियम होता: प्रत्येक वस्तूला हातभर चीर पडलीच पाहिजे. आणि त्याच खोलीच्या भिंतीवर हिरव्यागार पानांचं चित्र, खाली झोकदार अक्षरांत ‘आम्ही निसर्ग जपतो’.

“अगं बाई, जपा हो जपा,” असं त्या चित्राला म्हणून मावशी कामाला बसायची.

पहिल्या दिवशी तिने एक धडधाकट जाकीट पाठीतून उभं फाडलं आणि घरी येऊन न जेवताच झोपली. दुसऱ्या दिवसापासून तिने आपली वेगळी रीत काढली. चीर हातभरच, पण बरोब्बर शिवणीवर. काखेपासून कमरेपर्यंत दोरा तेवढा कापायचा, कापडाला धक्का नाही. जाकीट असं लोंबायचं की बघणाऱ्याने म्हणावं, गेलं बिचारं कामातून! भंगारवाला गाठोडी उचलायचा आणि निम्मी मावशीच्या दारात उतरवायचा. बदल्यात त्याच्या गाडीचं छप्पर आणि पोरांची दप्तरं मावशी शिवून द्यायची. घरी धाकटी जाऊ मशीनवर बसायची, आणि पाणी आत येऊ नये म्हणून शिवणीवर आतून पट्टी लावायचं काम नवऱ्याकडे. नवरा फुटबॉलचा निवृत्त पंच. गुडघे गेले होते, शिट्टी मात्र गळ्यातच.

“अहो, पट्टी वाकडी लागली!”

तो जोरात शिट्टी फुंकायचा. “पंचाचा निर्णय अंतिम!”

घरात पगार यायचा तो तिच्या एकटीचा. जाऊ धास्तावून विचारायची, “ताई, कळलं तर हो?”

“कळू दे. मी काय लपूनछपून करतेय?”

आणि कळलंच. एका भुरभुरत्या पावसाच्या सकाळी कारखान्याच्या साहेबांची गाडी चौकात थांबली. समोर रस्ता झाडणाऱ्या बायका मावशीने वाटलेली कंपनीची महागडी जाकिटं चढवून खराटे मारत होत्या. कोरड्याठाक, हसतखिदळत.

साहेब तडक मागच्या खोलीत आले. माणूस वाईट नव्हता. नवखा असताना मावशीच्या डब्यातलं हक्काने खायचा.

“मावशी, हे काय चालवलंय?”

“नियम पाळतेय. हातभर चीर. मोजून घ्या.”

“शिवणीवर?”

“मग काय माणसाच्या अंगावर मारू?”

साहेबांनी परत आलेला एक जुना तंबू टेबलावर पसरला. चेन बिघडली म्हणून गिऱ्हाईक हमीवर नवा घेऊन गेलं होतं. “माझ्या डोक्यावरही कुणीतरी आहे, मावशी. हा आत्ता माझ्यासमोर कापा. मधोमध. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

मावशीने तंबूचा कोपरा उलटून पाहिला. टाका मागे, पुढे, पुन्हा मागे. ही तिचीच खोड. डोंगरातली वादळं खाऊन तिचा तंबू तिच्याकडे आला होता. तिने कटर ठेवला, पक्कड घेतली, चेनचा रनर दोन्ही बाजूंनी दाबला आणि सर्रकन ओढला. चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद झाली.

“बिघडलं होतं ते एवढंच,” ती म्हणाली आणि कटर साहेबांच्या हातात दिला. “आता कापायचाय ना? मग तुम्ही कापा. माझ्या हातून व्हायचं नाही.”

साहेबांनी नजर भिंतीकडे वळवली आणि कटर ओढला. कापड किंचाळल्यासारखं फाटलं.

“शी! तेही वाकडं,” म्हणत मावशीने डबा उचलला.

घरी पाऊल टाकताच जाऊने तोंडावरूनच ओळखलं. “गेली ना नोकरी?”

“गेली. मशीनला तेल घाल.”

नवऱ्याने खिशातून लाल कार्ड काढून कारखान्याच्या दिशेने दाखवलं. मग हळूच विचारलं, “भागेल ना गं आपलं?”

“भागवू,” मावशी म्हणाली. तिने दोरा ओवायला घेतला.

आज कारखान्याच्या फाटकासमोरच्या फुटपाथवर मावशीचं मशीन आहे. वर सावलीला तोच तंबू ताणलाय. भंगारवाल्याने तो स्वतः आणून दिला. मधोमध गेलेल्या वाकड्या चिरेवर तिने भडक लाल ठिगळ लावलंय, साहेबांच्या खिडकीतून थेट दिसेल असं.

एक तरुणी पाठपिशवी घेऊन फाटकाकडे निघाली होती. मावशीने भर रस्त्यात हाळी दिली.

“ए पोरी! कुठे चाललीस?”

“पट्टा तुटलाय. परत करायचीय.”

“फाडून टाकतील गं! आधी इकडे आण.”

पोरगी फाटकाशी थबकली. मग रस्ता ओलांडून मशीनपाशी आली.