मेंढपाळ मामा आणि बारके धागे

सुई दिसली की बहुतेक माणसं मान फिरवतात. मामा बाही वर सरकवून हात पुढे करायचे, सुईकडे टक लावून बघायचे आणि म्हणायचे, “काढा, पर सांगून काढा.”

ते राणीसावरगावकडचे मेंढपाळ. मी परभणीच्या ज्या दवाखान्यात रक्ताचे नमुने घेते, तिथे ते केमोसाठी यायचे. शौचातून रक्त पडत होतं, ते त्यांनी वर्षभर मूळव्याध समजून अंगावर काढलं. निघाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, पण तोवर तो यकृतात पोचला होता.

आमच्याकडे एक संशोधन चालू होतं. दर केमोआधी एक नळी रक्त घ्यायचं आणि त्यातले मायक्रोआरएनए मोजायचे. संमतीचा कागद समजावणं माझ्याकडे. मी म्हणाले, “मामा, पेशीत अगदी बारके धागे असतात. कोणत्या जनुकाला गप्प बसवायचं, ते हे धागे बघतात. कॅन्सरमध्ये यातले काही फार वाढतात आणि पेशींची वाढ रोखणाऱ्या जनुकांनाच गप्प करतात.”

मामांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हंजी राखणीच्या कुत्र्याचंच तोंड बांधायलेत. मग लांडगा आल्यावर भुकणार कोण?”

त्यानंतर मी सगळ्या पेशंटना हेच सांगू लागले.

“ह्येचा मला काय फायदा?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला काही नाही. कुणाला कोणतं औषध लागू पडेल, हे यावरून आधी कळतं का, ते बघायचंय. कळलंच, तर पुढच्यांना उपयोग.”

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. मग एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली.

एकदा माझ्या घाईमुळे नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या. असं रक्त या मोजणीला चालत नाही. मी तसं कबूल केलं. “एकांदं मेंढरू दगावतंय की,” म्हणत त्यांनी दुसरा हात पुढे केला.

मग एक दिवस म्हणाले, “ताई, ही बिमारी घरात चालती का?”

“चालू शकते. भावंडांनी तपासून घ्यावं.”

पुढच्या खेपेला ते धाकट्या बहिणीला घेऊन आले. ती गंगाखेडला दिलेली. तिलाही रक्त पडत होतं, लाजेपोटी कुणाला बोलली नव्हती. तपासणीच्या दारातूनच परत जाते म्हणाली, तेव्हा मामा भरल्या व्हरांड्यात मोठ्यानं बोलले, “संडासचं बोलायला लाज कसली? मी लाजलो म्हणून हितं बसलोय. चल.”

ती पदर तोंडाला लावून रडली, पण गेली. दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात मोठा कोंब, म्हणजे पॉलिप, सापडला. त्याचा अजून कॅन्सर झालेला नव्हता. तो तेव्हाच काढून टाकला. रिपोर्ट मी वाचून दाखवला, तेव्हा मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. “लय बेस झालं,” एवढंच म्हणाले.

त्यांना स्वतःला मात्र औषध लागू पडेना. हळूहळू ते यायचे बंद झाले.

बहीण वर्षानं फेरतपासणीला आली. आतडं स्वच्छ होतं. दादा गेल्याचं तिनंच सांगितलं. मग तिनं विचारलं, “दादाचं रक्त हाय का अजून?”

होतं. पाच नळ्या, प्रत्येकीवर फक्त नंबर. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर उघडून दाखवता येत नाही. मी तिला त्याच्याजवळ नेलं. आतली उष्णता मोटर बाहेर फेकते, त्या बाजूच्या पत्र्यावर तिनं तळवा टेकवला.

“गरम हाय की,” ती म्हणाली, आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.